रेडिओचा काटा कुठं होता

आमच्या सूनबाईंनी मागच्या महिन्यात फोनवर गुडघेदुखीचं तेल शोधलं. माझ्याच गुडघ्यांसाठी शोधलं. दुसऱ्या दिवसापासून तिला फोनवर तेलंच तेलं दिसायला लागली. लोणच्याची कृती बघायला गेली तर आधी तेल, भजन लावायला गेली तर मधेच तेल. पोरगी घाबरली. "मी शोधलं ते ह्यांना कुणी सांगितलं?" म्हणून विचारायला लागली. माझ्या मुलानं तिला समजावलं, की आपण जे जे शोधतो ते सगळं कुठल्या तरी परदेशातल्या यंत्रात जाऊन साठतं, आणि आपल्याला जे सापडतं तेही तिकडूनच चाळून येतं. त्यात खरं किती आणि पेरलेलं किती, ते तिकडच्यांनाच ठाऊक. सूनबाई म्हणाली, "मग उद्या कुणी विचारलं, ही बाई काय काय शोधते, तर सांगून टाकतील?" मुलगा म्हणाला, "विचारणारा मोठा असला तर सांगतील."

मी हसलो. म्हणालो, "त्यांना उस्ताद भेटला नाही. काटा फिरवून ठेवायला कुणी शिकवलंच नाही त्यांना." दोघांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की गुडघ्याचं तेल आता डोक्याला लावायची वेळ आली.

तर हे लिहिणं त्या दोघांसाठी आहे. या अंकाचे संपादक दोन वर्षं माझ्या मागं लागले होते, आणि मी "रेडिओच राहिले नाहीत, आता धंद्याबद्दल काय लिहू" म्हणून टाळत होतो. सूनबाईंच्या तेलानं माझी सबब संपली.

मी पूर्णेला रेडिओ मिस्त्री होतो. स्टेशन रोडला माझं दुकान होतं. समोर चहाचं हॉटेल, मागं गोदाम आणि दिवसभर इंजिनांच्या शिट्ट्या. लोक माझं नाव विसरले, 'मिस्त्री' एवढंच राहिलं. पुढं जे सांगणार आहे त्यातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत आणि एका गावाचं नाव मुद्दाम गाळलं आहे. का, ते वाचताना कळेल.

लोकांना वाटतं, रेडिओ दुरुस्त करायला फार मोठी विद्या लागते. निम्म्याहून जास्त काम साफसफाईचं असतं. सेल फुटून त्याचं पाणी आत उतरलेलं असायचं. झुरळांनी आत संसार थाटलेला असायचा. पूर्णेचे रेडिओ उघडले की वर कोळशाची बारीक काळी भुकटी निघायची, कारण इंजिनांचा धूर सगळ्या गावाच्या घरात जायचा. एका गृहस्थाच्या रेडिओत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. ते मी काढून दाखवलं तर म्हणाले, "तरीच म्हणलं, बातम्या देणारा नाकात कामून बोलायलाय."

सगळ्यात जास्त काम असायचं डोरीचं. तुम्ही बटण फिरवता आणि काचेमागचा काटा सरकतो. मधे एक बारीक दोरी असते, चार-पाच चाकांवरून फिरवून आणलेली. तिला आम्ही डोरी म्हणायचो. ती सैल पडली किंवा तुटली की काटा मेला. नवी डोरी चढवायची, मग ओळखीचं स्टेशन पकडायचं, आमच्याकडं परभणीचं, आणि ते खणखणीत लागलं की काटा बरोबर त्या जागी डोरीला चिकटवायचा. हे काम मी डोळे मिटून करायचो, असं मी म्हणायचो. खरं तर डोळे फाडून करायचो, पण गिऱ्हाइकासमोर थोडी ऐट लागते.

आता काट्याची गंमत अशी, की माणूस रेडिओ बंद करतो, पण काटा असतो तिथंच राहतो. त्यामुळं रेडिओ मिस्त्रीच्या हातात आला की मालक शेवटी काय ऐकत होता, ते दिसतं. रोज ऐकणाऱ्याचं तर सगळंच दिसतं. कुणी सिलोनची गाणी ऐकतो, कुणी लंडनच्या हिंदी बातम्या, कुणी आणखी लांबचं काहीतरी. गाणी परदेशातून आली तर कुणाची काही हरकत नसायची. बातमी परदेशातून आली, की लगेच विचारणारे निघायचे.

चारठाण्याचे एक म्हातारे यायचे. त्यांचा मुलगा आखातात गवंडीकामाला गेला होता. त्यांनी माझ्याकडून शॉर्ट वेव्हवर तिकडचं एक अरबी स्टेशन शोधून घेतलं. मी विचारलं, "काका, काय कळतं यातलं?" म्हणाले, "काय बी कळत न्हाई. पर पोरगं दिवसभर हेच ऐकत आसंल की." ते रोज थोडा वेळ अरबी ऐकायचे आणि गावातले लोक त्यांना वेड लागलं म्हणायचे. त्यांचा रेडिओ दुरुस्तीला आला, की मी तो सगळ्यांच्या आधी हातात घ्यायचो.

दुसरे एक होते, त्यांना फक्त बाजारभाव ऐकायचे असायचे आणि मुलं गाणी लावायची. ते म्हणाले, "मिस्त्री, बटणच काढून टाका." मी काढलं. आठ दिवसांत परत आले. मुलांनी पकडीनं दांडी फिरवून फिरवून आतलं सगळं मोडून ठेवलं होतं.

आता उस्तादांविषयी. मी हे काम ज्यांच्याकडं शिकलो ते उस्ताद हैदराबादेत तयार झालेले. उंच, कृश, आणि बोलणं सगळं दखनी. दुकानात पहिल्या दिवशी मी एका रेडिओला हात लावला तर त्यांनी माझा हात धरला. "काँटा पयले घुमा. देख नक्को." गिऱ्हाइकानं रेडिओ फळीवर ठेवला, की त्याच्या देखत काटा डाव्या टोकाला नेऊन ठेवायचा, आणि दुरुस्त करून परत देतानाही तसाच. आणि तो फिरवताना नजर काचेवर ठेवायची नाही, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून विचारायचं, "क्या तकलीफ है?" हा त्यांच्या दुकानाचा कायदा होता. मला ते सोवळं वाटायचं. एकदा विचारलंच.

उस्ताद म्हणाले, निजामाच्या शेवटच्या दिवसांत ते हैदराबादेत एका दुकानात नोकरीला होते. तेव्हा दिल्लीचं स्टेशन परकं होतं. एका सावकाराचा रेडिओ दुरुस्तीला आला, दुकानाच्या मालकानं चहा पिता पिता कुणाला तरी सांगितलं की काटा दिल्लीवर होता, आणि सावकाराला उचलून नेलं. तो परत कधी आला, आला की नाही, हे उस्तादांना कळलं नाही. पुढं संस्थान गेलं. मग कराची परकी झाली. आता वेगळे लोक दुकानात येऊन विचारायला लागले, की कुणाचा काटा कराचीवर असतो. उस्ताद म्हणाले, "पूछनेवाले बदल गए, सवाल वहीच था." तेव्हापासून त्यांनी हातालाच सवय लावून घेतली. माहीतच नसलं तर सांगायचा प्रश्न येत नाही, असा त्यांचा सरळ हिशोब होता. खोटं कशाला सांगू, मला कधी कधी काटा दिसायचा. पण दिसलेलं विसरायचीही सवय होते.

उस्ताद गेले, दुकान माझ्याकडं आलं आणि कायदाही माझ्याकडं आला.

अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. राग निघाला तो गावोगावच्या बौद्ध वस्त्यांवर. पूर्णेला दुकानं उघडायची, बंद व्हायची. गाड्या कधी यायच्या, कधी यायच्या नाहीत. वर्तमानपत्र शिळं होऊन यायचं, आणि आपल्या रेडिओवर परिस्थिती नियंत्रणात असायची. नियंत्रणात असलेली परिस्थिती आम्हाला दुकानातून दिसायची. डोक्यावर गाठोडी घेऊन माणसं स्टेशनात येऊन बसलेली असायची.

माझं एक गिऱ्हाईक होतं गंगाधर. चुडावा स्टेशनावर पॉइंटमन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणारा माणूस. राहायला जवळच्या एका गावात, बौद्ध वस्तीत. बोलणं कमी, रेडिओवर जीव. कातडी पिशवीतला त्याचा ट्रान्झिस्टर तो लेकरासारखा छातीशी धरून पॅसेंजरनं पूर्णेला आणायचा. त्या पावसाळ्यात गडबड सुरू व्हायच्या जरा आधी त्याची डोरी तुटली. त्यानं रेडिओ माझ्या फळीवर ठेवला, मी काटा, म्हणजे काट्याचं जे काय उरलं होतं ते, डावीकडं सारलं. त्या वेळी दुकानात पोलीस जमादार बसले होते, त्यांचा छोटा रेडिओ न्यायला आलेले. त्यांनी विचारलं, "हे काय करायलात, मिस्त्री?" मी म्हणालो, "सवय हाय, साहेब." विषय तिथंच संपला. डोरी माझ्याकडं संपली होती, मग बाजारच बंद पडला, आणि गंगाधरचा रेडिओ फळीवर तसाच राहिला.

पुढं गंगाधरच्या गावात काय झालं, ते मला नंतर कळलं. गावातली मोठी माणसं वस्तीत जाऊन सांगून आली होती, की कुठंच काही झालेलं नाही, सगळ्या अफवा आहेत, घरात बसा. एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर, गंगाधर वस्तीत घरोघर फिरला. म्हणाला, आसपासच्या जिल्ह्यांत गावंच्या गावं जळायलीत, बातमी पक्की हाय, उठा. सगळी वस्ती लेकराबाळांसकट उठली आणि चुडावा स्टेशनात येऊन बसली. पाऊस होता. स्टेशनमास्तर भला माणूस, त्यानं हटकलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर बाहेरगावचा जमाव आला. घरं जळाली. पण घरात माणूस नव्हतं. एका शेळीशिवाय कुणाचा जीव गेला नाही. हे आजही लिहिताना मला हायसं वाटतं.

यावर गावानं गंगाधरचे पाय धरायला पाहिजे होते. झालं उलटं. गावातल्या काही लोकांनी तक्रार केली, की हा माणूस परदेशी रेडिओ लावून खोट्या बातम्या पसरवतो, त्यानंच वस्ती भडकवली, गावाचं नाव घालवलं. तक्रारीवर पहिली सही आबासाहेबांची होती. आबासाहेब म्हणजे गावचे मोठे बागायतदार, ओसरीवर पेटीएवढा रेडिओ ठेवणारे, आणि माझं जुनं गिऱ्हाईक. ते जमावात नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या दिवशी ते दार लावून घरात बसले होते. पण सही त्यांची होती.

गंगाधरला ठाण्यात बसवून ठेवलं. गुन्हा दाखल झाला की रेल्वे त्याला घरी बसवणार, हे सरळ होतं. आणि नोकरी गेली की घर जळालेल्या माणसानं बायकापोरांना घेऊन कुठं जायचं? तो ठाण्यात एकच सांगत होता, "मपला रेडिओ पूर्णेला मिस्त्रीकडं हाय."

ते बघायला जमादार दुकानात आले. बाहेर ऊन पडलं होतं आणि समोरच्या हॉटेलातले सगळे लोक चहा थांबवून इकडं बघत होते. जमादारांनी विचारलं, "गंगाधर पॉइंटमनचा रेडिओ हाय का तुमच्याकडं?"

मी फळीवरून काढून समोर ठेवला. मागचं झाकण निघालेलं, डोरी नाही, काटा लोंबता.

"कवापासून हाय?"

"साहेब, तुमी तुमचा रेडिओ न्यायला आलात ना, त्याच दिवसापासून. तुमच्या म्होरंच ठेवला त्यानं."

जमादार आठवू लागले. "कातडी पिशवीतला? छातीशी धरून आणला व्हता त्यो?"

"त्योच."

माझ्या जिवात जीव आला. पण जमादार उठेनात. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग वस्तीत लंडनची बातमी गेली कशी? गावात दुसऱ्या कुणाच्या तरी घरी लंडन लागतंय. मिस्त्री, तुमी समद्या गावांचे रेडिओ उघडता. तुमाला ठाऊक आसणार. नावं सांगा."

मी म्हणालो, मला माहीत नाही. जमादारांचा आवाज बदलला. 'तुमी'चं 'तू' झालं. "मिस्त्री, तुला बी आत बसवायला मला येळ लागायचा न्हाई. कुणाचा काटा कुठं आसतो, सांग."

ते उठले आणि फळीवरचे रेडिओ एकेक करून बघायला लागले. वरची फळी, मधली फळी, खालची फळी. प्रत्येक रेडिओचा काटा डाव्या टोकाला. एकही मधे नाही. जमादार माझ्याकडं वळले, आणि आता ते खरोखर चिडले होते. "समद्यांचे काटे एकाच जागी? तुला कुणी तरी आधीच सांगितलंय. पुरावा पुसलाय तू."

हॉटेलातल्या एकानं पेला खाली ठेवल्याचं आठवतं. मी सांगितलं, साहेब, माझ्या उस्तादांनी हाताला सवय लावली, रेडिओ फळीवर आला की आधी काटा फिरवायचा, बघायचं नाही. त्या दिवशी तुम्हीच विचारलं होतं, काय करताय म्हणून. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमचा रेडिओ आणलात तवा बी फिरवला व्हता, साहेब. कुणी मला तुमचा इचारला आसता, तरी हेच सांगितलं आसतं."

जमादार परत स्टुलावर बसले. मग एकदम हळू आवाजात, हॉटेलापर्यंत जाऊ नये असा, विचारला प्रश्न. "मपला बघितला व्हता का तुमी?"

"न्हाई, साहेब."

"खरंच न्हाई?"

"आईची आन."

त्या माणसानं जो श्वास सोडला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. टोपी डोक्यावर चढली, 'तू'चं परत 'तुमी' झालं, आणि त्यांनी हॉटेलवाल्याला दोन चहा सांगितले. "बरोबर हाय तुमच्या उस्तादाचं," एवढंच म्हणाले. आणि चहा झाल्यावर उठताना, "रेडिओ मोडका हाय आसं लिहून घेतो. पॉइंटमनला सोडतो."

गंगाधर सुटला. नोकरी राहिली. बाजार उघडल्यावर मी डोरी आणली आणि त्याचा रेडिओ आधी दुरुस्त केला. तो न्यायला आला तेव्हा मी विचारलं, "दादा, आता तरी सांगा. तुमचा रेडिओ इथं होता. मग बातमी ऐकली कुठं?"

"आवाज आला, मिस्त्री."

"कुणाच्या घरून?"

गंगाधर माझ्याकडं बघून हसला. तसा तो क्वचित हसायचा. "तुमी काटा फिरवता न्हवं? मग मी बी फिरवला म्हना."

मी पुन्हा विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात आबासाहेब स्वतः बैलगाडीत घालून त्यांचा पेटी रेडिओ घेऊन आले. मोठा, लाकडी, खाली हार्मोनियमसारख्या पट्ट्या. मी रीतीप्रमाणं काटा फिरवला आणि पट्टी दाबली. दुकान हादरलं! इतका मोठा आवाज आणि त्यात इतकी खरखर, की माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पडला. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं आणि रोज तसंच फिरवून फिरवून आतून झिजलं होतं. आबासाहेब कानावर हात ठेवून म्हणाले, "मला हळू आवाज लागतो. पर हिला सैपाकघरात ऐकू येत न्हाई म्हनती. रोज सांजच्याला येऊन वाढवती. कान गेलेत बिचारीचे." मी बटण बदललं आणि विसरून गेलो. काट्याचा कायदा मला उस्तादांनी शिकवला होता. आवाजाच्या बटणाकडं बघायला कुणी शिकवलं नव्हतं.

वर्षं गेली. टीव्ही आले, मग मीही टीव्ही दुरुस्त करायला लागलो, तो धंदा कधी मनात बसला नाही. फळीवर रेडिओ कमी होत गेले. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न एकदाचा मिटला. त्या दिवसांत आम्ही सगळे धास्तावलेले होतो. पुन्हा अठ्ठ्याहत्तर होतंय की काय, म्हणून दुकानाचं दार अर्धंच उघडं ठेवायचो. आमच्या बाजूला काही झालं नाही. लोकांनी तिळगूळ वाटला, कुणी फटाके उडवले, कुणी तोंड पाडून घरी गेले, पण घरं सगळी जागेवर राहिली. हॉटेलवाला म्हणाला, "सुटलो, मिस्त्री." मी दार पूर्ण उघडलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारची एक म्हातारी बाई दुकानात आली. मागं गाडीवानाच्या डोक्यावर पेटी रेडिओ. रेडिओ मी ओळखला, बाईला ओळखलं नाही. त्या आबासाहेबांच्या पत्नी होत्या, अनसूयाकाकू. आबासाहेब आदल्या वर्षी वारले होते. काकूंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

"मोठा आवाज येईना झालाय, मिस्त्री. बारीकच येतो."

आबासाहेबांचं बोलणं आठवून मी ओरडून म्हणालो, "बटण झिजलंय, काकू!"

"वरडता कामून? मला येतंय ऐकू."

मी आवाज उतरवला. मुद्दाम आणखी उतरवून काहीतरी पुटपुटलो. त्यांनी त्याचंही उत्तर दिलं. बाईंचे कान माझ्यापेक्षा तिखट होते. मी म्हणालो, "काकू, आबासाहेब तर म्हणायचे, तुम्हाला सैपाकघरात ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही आवाज वाढवता."

काकूंनी गाडीवानाला हॉटेलात चहाला पाठवलं. मग पदर सारखा करून स्टुलावर बसल्या.

"त्या साली ओसरीवर समदी माणसं बसायची," त्या म्हणाल्या. "लंडन ऐकायची. कुठं काय जळालं, समदं ऐकायची. आन् उठून वस्तीत जाऊन सांगायची, कुठंच काय न्हाई, घरात बसा. मी आतून ऐकत व्हते. मला उंबऱ्याच्या भायेर जाता येत व्हतं का? कुणाला सांगता येत व्हतं का? मग मी आपली हात पुसत यायचे आन् बटण वाढवायचे. सैपाकघरात ऐकू येत न्हाई म्हनायचे. आमच्या परसाच्या मागनं वस्तीची वाट जाती. गंगाधर ड्युटीवरनं त्याच टायमाला यायचा. चार दिस नुस्ता गेला. पाचव्या दिशी थांबला. कुडाच्या पलीकडं हुभा ऱ्हायला, बातमी सरेपस्तोर."

त्या हिवाळ्यात माझ्या हातात होतं ते झिजलेलं बटण, आणि मी ते कचऱ्यात टाकलं होतं.

काकू पुढं वाकल्या. त्या ज्याच्यासाठी आल्या होत्या, ते आता विचारत होत्या. "मिस्त्री, गंगाधर तुमच्याकडं यायचा. त्यानं कवा सांगितलं का, कुणाच्या घरचा आवाज व्हता? कुणालाबी? ह्यांच्या कानावर गेलं आसतं, तर मला घरात ठिवलं नसतं. रोज वाटायचं, आज कळंल, आज कळंल. हे गेले तरी ती धाकधूक गेली न्हाई. गेले तवा कळून गेले का, ह्याच इचारात मी हाय."

"नाही, काकू," मी म्हणालो. "मी स्वतः त्याला विचारलं होतं. मलाही सांगितलं नाही. ठाण्यात बसवलं, नोकरी जायची वेळ आली, तरी तुमच्या घराचं नाव त्यानं घेतलं नाही."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. रडल्या, पण चेहरा मोकळा झाला होता. म्हणाल्या, "बरं झालं बाई. बरं झालं." मग पुन्हा, "लय बरं झालं."

गंगाधर तेव्हा निवृत्त होऊन नांदेडला मुलाकडं राहत होता. काकूंनी त्याचा पत्ता मागितला नाही. "मी गेल्यावर कुणाला सांगायचं तर सांगा," म्हणाल्या, "पर गावाचं नाव काढू नका. तिथं मपली नातवंडं नांदायलीत." काकू काही वर्षांपूर्वी गेल्या, म्हणून हे लिहिलं.

मी नवं बटण बसवलं. परभणीचं स्टेशन लावलं, कुठलंसं भावगीत चाललं होतं. काकूंनी स्वतः हात पुढं करून बटण फिरवलं, शेवटपर्यंत. सगळ्या स्टेशन रोडला गाणं ऐकू गेलं. हॉटेलातले लोक वळून बघायला लागले. मी घाईनं आवाज कमी करायला गेलो.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या, आणि ऐकत राहिल्या.

गाणं संपल्यावर रेडिओ बंद केला. गाडीवान चहा पिऊन आला होता. रेडिओ उचलायच्या आधी माझा हात सवयीनं काट्याकडं गेला, डावीकडं सारायला.

"मिस्त्री, ते बी ऱ्हाऊ द्या आता," काकू म्हणाल्या. "कुणापासनं लपवायचं?"

मी हात मागं घेतला. माझ्या दुकानातून काटा न फिरवता परत गेलेला तो एकच रेडिओ.